एक बोट कमी

वसुमतीने टंबलरात कॉफी ओतली आणि काठाच्या एक बोट खाली हात आवरला. उरलेली जागा तिने फेसाने भरली. फेस चमच्याने सारखा केल्यावर टंबलर काठोकाठ भरलेला दिसू लागला. तो तिने डवऱ्यात, म्हणजे खालच्या पसरट पितळी वाटीत, ठेवला आणि पदराला हात पुसत पुढच्या सोप्यात येऊन झोपाळ्यावर बसली.

आतून डॉक्टर सेतुमाधवरावांची पावले निघाली. स्वयंपाकघर, मधला उघडा चौक, दोन उंबरे आणि मग सोपा, अशी ती बावीस पावले होती. उजवा हात छातीसमोर सरळ, हातात डवरा, डवऱ्यात टंबलर. झोपाळ्यापाशी येऊन त्यांनी टंबलर उचलला आणि त्याच्याखाली पाहिले.

"कोरडा," ते म्हणाले.

"कोरडाच," वसुमती म्हणाली आणि कॉफी पिऊ लागली.

मेल वीधी या त्यांच्या गल्लीतल्या बायकांना हे दृश्य दर बुधवारी आणि शनिवारी सकाळी साडेसहाला दारातून दिसे. जेवून उठल्यावर स्वतःचे पानही न उचलणाऱ्या पुरुषांची ती गल्ली. तिथे डोळ्यांचा एवढा मोठा डॉक्टर बायकोला हाताने कॉफी आणून देतो म्हटल्यावर बायकांनी तोंडात बोटे घातली नसती तरच नवल. नशीब काढावे तर वसुमतीसारखे, असे त्या म्हणत. त्यांचे काही चुकत नव्हते, फक्त ती कॉफी वसुमतीसाठी नव्हती. ती डॉक्टरांच्या हाताची परीक्षा होती, आणि परीक्षा झाल्यावर ती कोणीतरी प्यायला हवी म्हणून तिथे वसुमती होती.

बुधवार आणि शनिवार हे ऑपरेशनचे दिवस. त्या दिवशी डॉक्टर स्वतः दुपारपर्यंत कॉफीला शिवत नसत, हात थरथरतो म्हणून. मद्रासला शिकताना त्यांचे गुरू विद्यार्थ्यांच्या हाती पाण्याने भरलेला पेला देऊन त्यांना लांबलचक व्हरांड्यातून चालायला लावत. थेंब सांडला की त्या दिवशी सुरीला हात लावायचा नाही. डॉक्टरांनी तो नियम तंजावूरला आणला आणि घरच्या रीतीप्रमाणे पाण्याची कॉफी केली. इथल्या अठरा वर्षांत चार वेळा थेंब सांडला होता, आणि चारही वेळा त्यांनी आलेल्या रोग्यांना परत पाठवले होते. गावाला ते चार दिवस तोंडपाठ होते. पापनाशमकडची माणसे वाटेतले दोन डॉक्टर सोडून यांच्याकडे येत ती त्या चार दिवसांच्या भरवशावर.

डॉक्टर अंगाला फार जपत. पहाटे पाचला शिवगंगा तळ्याभोवती तीन फेऱ्या, मग मानेला कोमट तिळाचे तेल, दुपारी रबरी चेंडू दाबण्याचा व्यायाम, रात्री नऊला दिवा बंद. पान नाही, तपकीर नाही. पण तीस वर्षे खाली वाकून दुसऱ्यांच्या डोळ्यांत पाहायचे म्हणजे काय, ते मानेलाच ठाऊक. खेड्यांतल्या शिबिरांत तर शाळेची बाके जोडून टेबल केलेले असे आणि एका दिवसात वीस-वीस डोळे. त्यांची मान हळूहळू विळ्यासारखी पुढे आली. आधी ती दुखू लागली, मग उजव्या हाताची दोन बोटे बधिर होऊ लागली. डोळ्यांच्या डॉक्टरचे डोळे सगळे गाव पाहते, त्याची मान कोण पाहतो?

दोन वर्षांपूर्वी ते मद्रासला हाडांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. काय म्हणाले, असे वसुमतीने विचारले, तर चालत राहा म्हणाले, एवढेच सांगितले. एक्स-रेचे पाकीट त्यांनी कपाटात सर्वांत वरच्या फळीवर, जुन्या पगड्यांच्या मागे सारले. पुढच्याच बुधवारी डवऱ्यात तीन थेंब पडले.

नऊ रोगी परत गेले. डॉक्टर झोपाळ्यावर भिंतीकडे तोंड करून बसले ते तीन दिवस. शुक्रवारी संध्याकाळी ते म्हणाले, आता मी कशाला जगायचे, आणि ते अगदी साध्या आवाजात म्हणाले. शनिवारी सकाळी तिने कॉफी एक बोट कमी ओतली.

थेंब सांडला नाही. डॉक्टर मोठ्याने हसले आणि त्या दिवशी दुपारी दोनदा सांबार-भात वाढून घेतला. नवऱ्याचा हात तिने एका बोटाने बरा केला होता. तेल मुरेपर्यंत दोन-तीन आठवडे असे चालवू, असे तिने मनाशी ठरवले. त्या दोन-तीन आठवड्यांची दोन वर्षे झाली.

यातच अलमेलुचा डोळा गेला.

अलमेलु वीस वर्षे त्या घरात तांदूळ निवडायला येत असे. मागच्या ओसरीवर सूप मांडीवर घेऊन ती बसली की एक खडा तिच्या नजरेतून सुटत नसे. तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला तेव्हा तो फुकट काढून द्या, असे वसुमतीनेच डॉक्टरांना सांगितले. त्या बुधवारीही डवरा कोरडा होता. पट्टी सुटली तेव्हा त्या डोळ्यात उजेडसुद्धा उरला नव्हता. केस-पेपरावर डॉक्टरांनी दोन इंग्रजी शब्द लिहून घेतले, 'पेशंट मूव्ड'. रोगी हलला. अलीकडे हे दोन शब्द बरेच लागू लागले होते. कोणी खोकले, कोणी दचकले, कोणी मान वळवली. पूर्वीचे रोगी जणू लाकडाचे होते आणि आताचे सगळे चुळबुळे निघाले.

अलमेलुने ते मानले. मीच हलले असेन, मला कळले नसेल, अम्मा, असे ती वसुमतीला म्हणाली. डॉक्टरांना त्रास झाला म्हणून ती केळ्यांची फणी घेऊन माफी मागायला आली. वसुमतीने ती फणी दोन्ही हातांनी घेतली. तिला बोलायचे होते. शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. पण जीभ उचलली नाही, आणि अलमेलु मागच्या ओसरीवर जाऊन सूप घेऊन बसली.

तिचा दुसरा डोळाही अधू होता. आता ती बोटांनी चाचपून तांदूळ निवडू लागली. एका दुपारी डॉक्टरांच्या दाताखाली खडा कटकन वाजला. त्यांनी तो पानाच्या कडेला ठेवला, पान पुढे सारले आणि म्हणाले, हिला दिसत नाही तर हिला ठेवून काय करायचे. वसुमतीने अलमेलुला एक साडी दिली, दोन मापे तांदूळ दिले आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितले. हे सगळे कळूनही पुढच्या बुधवारी तिने कॉफी एक बोट कमीच ओतली. याचा तिला पुढे फार पश्चात्ताप झाला, पण त्या बुधवारी मात्र तिने ओतली.

हळूहळू तिला स्वतःलाच काठ दिसेनासा झाला. दोन्ही डोळ्यांवर धुके आले. बोट वाकडे करून त्याचे पहिले पेर काठावरून आत सोडायचे आणि टोकाला कॉफी लागली की थांबायचे, अशी युक्ती तिने काढली. बोटाचे टोक दर वेळी पोळे. त्या भाजण्याची तिला सवय झाली, आणि कधी कधी बरेही वाटे.

डॉक्टरांच्या हाताखाली वैद्यनाथ नावाचा तरुण डॉक्टर होता. मूळचा पापनाशमचा, आपल्याच मराठी लोकांतला, तीन मुलींचा बाप, हूं की चूं न करणारा. त्याने वसुमतीचे डोळे तपासले आणि दोन्हींत मोतीबिंदू आहे, उजवा आधी काढावा लागेल, असे सांगितले. मग चाचरत म्हणाला, सर म्हणत असतील तर मी करतो, नाहीतर मद्रासला नेऊ. घरच्या माणसावर घरच्याने सुरी धरू नये, असा संकेत आहे.

डॉक्टर तेव्हा हात धूत होते. गावात कुजबुज चालू आहे, खाटा रिकाम्या राहतात, माणसे आगगाडीत बसून तिरुचिरापल्लीला जातात, हे त्यांच्या कानांवर आले होते. त्यांनी टॉवेल घेतला आणि प्रत्येक बोट वेगळे पुसले.

"मी करणार," ते म्हणाले. "गावाला दिसूं दे. बायकोचा डोळा ज्यानें केला, त्याच्याकडे लोक परत येतील."

वसुमतीने ते ऐकले. ज्या हाताबद्दल जगात फक्त तिला ठाऊक होते, तोच हात आता तिच्या डोळ्याकडे येणार होता. सांगावे तर दोन वर्षे त्यांना फसवले हे सांगावे लागणार. त्या फसवणुकीत अलमेलुचा डोळा गेला, आणखी कोणाकोणाचे गेले, हेही त्यातच आले. चार दिवस ती शब्द जुळवत राहिली आणि चारही दिवस ते पुन्हा विस्कटले. शेवटी तिला वाटले, बोलायचे कशाला? टंबलर बोलेल. त्या दिवशी काठापर्यंत भरायचा. थेंब सांडेल, नियम नियम आहे, सुरी त्या दिवशी उचलली जाणार नाही. पुढच्या वेळी पुन्हा काठापर्यंत, त्याच्या पुढच्या वेळीही. मग त्यांचे त्यांनाच कळेल, आणि कोणी कोणाला काही सांगायला नको.

हिशेब चांगला होता. शनिवारी सकाळी तिने बोट टंबलराच्या अगदी काठाशी धरले आणि कॉफी तिथवर येईपर्यंत ओतली. फेस केला नाही. मग सोप्यात जाऊन झोपाळ्यावर बसली आणि दोन्ही कड्या घट्ट धरल्या.

पावले निघाली. पहिल्या उंबऱ्यापर्यंत ती नेहमीसारखी होती. चौकात ती मंदावली. दुसऱ्या उंबऱ्यावर तिला पितळेवर पडणाऱ्या थेंबांचा बारीक आवाज आला, एकदा, मग लागोपाठ. वसुमतीने सुटकेचा श्वास सोडला. वाईट वाटण्याऐवजी तिला चक्क हलके वाटले.

डॉक्टर समोर येऊन उभे राहिले. तिने हात पुढे करून डवरा घेतला, टंबलर उचलला. तळाशी चांगली चमचाभर गरम कॉफी जमली होती.

"सांडली," ती म्हणाली.

डॉक्टरांनी डवरा तिच्या हातातून घेतला, त्यातली कॉफी खिडकीतून बाहेरच्या तुळशीपाशी ओतली आणि तो आपल्या उपरण्याने स्वच्छ पुसून तिला परत दिला.

"तुला काठ दिसला नाहीं," ते म्हणाले. "दर वेळीं एक बोट कमी ओततेस. आज चुकून जास्त झाली. मोतीबिंदू पुरता पिकला आहे, आज काढायलाच होवा."

वसुमतीला आधी वाटले, आपण नीट ऐकले नाही.

"तुम्हांला ठाऊक होतें?"

"अठरा वर्षें तो टंबलर उचलतों मी. वजन कळत नाहीं होय?"

तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिले. धुक्यात फक्त एक फिकट गोल दिसत होता. त्यावर राग नव्हता, शरमही नव्हती. असलीच तर थोडी घाई होती.

"अलमेलुच्या दिवशीं पण?"

"गाडी आली आहे," डॉक्टर म्हणाले. "चल."

ती नाही म्हणू शकली असती. झोपाळ्याच्या कड्या धरून तिथेच बसून राहिली असती तर डॉक्टरांनी तिला उचलून थोडेच नेले असते. पण ती उठली. अलमेलुचा डोळा तिच्या अंगावर होता, आणि त्याची फेड एवढी सरळ समोर आल्यावर तिला मागे सरवेना. आणि दुसरे असे की, जुन्या मोरिसच्या मागच्या सीटवर बसता बसता तिला एक गोष्ट सुचली. डॉक्टरांकडे आता एकच आडोसा उरला होता, रोगी हलला हा. तो काढून घ्यायचा. दगडासारखे पडून राहायचे. वैद्यनाथ डोक्याशी उभा असेल, तो पाहील.

टेबलावर तिच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या गेल्या. वैद्यनाथने डोळ्यात थेंब घातले. त्याचा हात जवळ आला तेव्हा तिने त्याचे मनगट धरले.

"वैद्यनाथ, माझ्याकडे नीट पाहा," ती हळू म्हणाली. "मी हलणार नाहीं. पाहशील तसेंच लिही."

"हौ, मामी," तो म्हणाला.

मग डॉक्टर आले. त्यांनी तिच्या गालाच्या हाडावर करंगळीची कड टेकवली. सुरी धरताना हात स्थिर राहावा म्हणून ते ती नेहमीच अशी टेकवत. बाहेरून पाहणाऱ्याला ती टेकलेलीच दिसली असती. पण वसुमतीच्या गालाला ती पकडलेल्या चिमणीसारखी धडधडताना कळत होती.

"हलूं नको," डॉक्टर म्हणाले. ते सगळ्यांनाच असे सांगत.

ती हलली नाही. तिने पायाचे अंगठे ताणून धरले, जीभ टाळूला लावली आणि श्वाससुद्धा उसना आणल्यासारखा थोडा थोडा घेतला. डोळ्यासमोर पांढरा उजेड होता, त्यात एक सावली आली, थांबली, आणि मग एका बाजूला घसरली. उजेड फुटला. गालावरून काहीतरी कोमट खाली आले. डॉक्टरांचा श्वास थांबल्याचे तिने ऐकले. वैद्यनाथ "सर" असे म्हणाला. पुढे काही म्हणाला नाही. वसुमती त्याही वेळी हलली नाही.

सात दिवस दोन्ही डोळ्यांना पट्टी होती आणि डोके पिशव्यांमध्ये होते. आठव्या दिवशी पट्टी सोडली. डॉक्टरांनी उजव्या डोळ्यासमोर दिवा धरला आणि काय दिसते ते विचारले. तिने काही नाही म्हणून सांगितले. त्यांनी दिवा आणखी जवळ आणला, इतका की त्याची ऊब तिच्या पापणीला लागली. काही नाही, ती पुन्हा म्हणाली.

मग डॉक्टरांनी दिवा खाली ठेवला.

"लिही," ते वैद्यनाथला म्हणाले. "पेशंट मूव्ड."

वसुमती कान देऊन ऐकू लागली. तिचा सगळा जीव त्या कानात आला होता. दौत उघडल्याचा आवाज आला. मग कागदावर टाक घासला गेला. दोन शब्द लिहायला लागतो तेवढा वेळ तो घासला आणि थांबला.

वैद्यनाथला शिव्या घालणे सोपे आहे. वसुमतीने मनात घातल्यादेखील. पण दोन वर्षे एक बोट कमी ओतणाऱ्या बाईला त्या फार वेळ घालता आल्या नाहीत.

डॉक्टरांनी गावापासून काहीच लपवले नाही. भेटेल त्याला ते स्वतः सांगत: माझ्या बायकोचाही डोळा गेला, भित्री आहे, ऐन वेळी हलली. आणि झाले काय, तर लोक परत येऊ लागले. बायकोवर सुरी धरायची छाती, आणि वर ही असली सचोटी! असा माणूस कुठे मिळतो? मेल वीधीवरच्या बायका वसुमतीला पाहायला आल्या. तिचा हात हातात घेऊन त्या हळहळल्या, आणि थोडा दम धरून पडायचे होते, असेही निघताना म्हणाल्या. तिला हसूही आले आणि संतापही आला. तिने त्यांना हळदीकुंकू लावून निरोप दिला.

पाच आठवड्यांनी बुधवारी अकरा ऑपरेशने होती. यादी घेऊन वैद्यनाथ सकाळीच आला आणि सोप्यात दाराजवळच्या खुर्चीवर अगदी कडेला बसला. पट्टी सुटल्यापासून तो वसुमतीशी बोलला नव्हता. ती झोपाळ्यावर होती. डाव्या डोळ्याने तिला दाराचा उजेड आणि त्यात वैद्यनाथची सावली एवढे कळत होते. कोणाकोणाची नावे आहेत, असे तिने विचारले तेव्हा त्याने यादी वाचली. अकरांपैकी सात बायका होत्या. सातवी अलमेलु होती, डाव्या डोळ्यासाठी.

"कोणती अलमेलु?" वसुमतीने विचारले.

"आपली तांदूळवाली, मामी. दुसरीकडे जायला तिला जमत नाहीं म्हणाली. आणि ह्या वेळीं हलणार नाहीं म्हणून शपथ घेतली तिनें."

आता कॉफी वसुमतीला ओतता येत नव्हती. डिकॉक्शन आणि दूध स्वयंपाकीण तयार ठेवी, आणि ओतायचे काम डॉक्टरांनी स्वतःकडे घेतले होते. आतून पावले निघाली. पहिला उंबरा, चौक, दुसरा उंबरा. एकाही थेंबाचा आवाज आला नाही. डॉक्टर झोपाळ्यापाशी आले. त्यांनी टंबलर उचलला, वैद्यनाथला दिसेल असा डवरा तिरपा केला आणि म्हणाले,

"कोरडा."

वसुमतीने टंबलर हातात घेतला. तो ओठांना न लावता तिने उजव्या हाताचे बोट वाकडे केले आणि काठावरून आत सोडले. फेस लागला. फेसातून ते आणखी खाली गेले. पहिले पेर फेसात बुडाले, तरी टोक पोळले नाही. दुसरे पेरही आत गेले तेव्हा टोकाला कॉफी लागली.

"दोन बोटें कमी आहे," ती म्हणाली.

बाहेर मोरिसचे इंजिन चालू होते.

"काठापर्यंत भरून आणा," ती म्हणाली. "मी इथें बसतें."

"तुला दिसत नाहीं," डॉक्टर म्हणाले.

"मला दिसत नाहीं, खरें आहे. वैद्यनाथला दिसतें."

तिने टंबलर दाराच्या उजेडाकडे पुढे धरला. तिचा हात अगदी स्थिर होता. बराच वेळ तो तसाच राहिला, आणि तिला वाटू लागले की आताही कागदावर टाक घासल्यासारखे काहीतरी ऐकू येईल. मग खुर्ची सरकली. वैद्यनाथ उठून आला, तिच्या हातातून टंबलर घेतला आणि फेसावर फुंकर घातली. फेस बाजूला झाला. तो आत पाहत राहिला.

"सर," तो म्हणाला. त्या दिवशी टेबलापाशी म्हणाला होता तसाच. पण या वेळी तो तिथे थांबला नाही. "मी भरून आणतों."

तो यादी झोपाळ्यावर वसुमतीजवळ ठेवून आत गेला. डॉक्टर जागचे हलले नाहीत. मग झोपाळ्याची दुसरी बाजू खाली दबली. ऑपरेशनच्या दिवशी ते कधी बसत नसत, आज बसले. त्यांनी उजवा हात डाव्या हाताने मांडीवर दाबून धरला होता, आणि तरीही यादीचा कागद फळीवर बारीक फडफडत होता. वसुमतीने त्यावर तळवा ठेवला नाही.

आतून ओतल्याचा आवाज येऊ लागला. तो लवकर थांबला नाही.